नखाएवढ्या ऑर्किडमुळे थेट लिनियसची चूक दुरुस्त करणारा माणूस : ओलोफ स्वार्ट्झ

वेडी बाभूळ माहीत नाही असा माणूस मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगरच्या पट्ट्यात सापडणार नाही. ओसाड माळ असो, रेल्वेच्या रुळाची कड असो की तलावाचं आटलेलं पात्र, ती उगवतेच. तोडली तर दुप्पट जोमाने फुटते. काटा असा की टायर पंक्चर झालंच म्हणून समजा. कुणी तिला विलायती बाभूळ म्हणतं, कुणी तिच्या नावाने बोटं मोडतं, तर कुणाच्या घरी तिच्याच सरपणावर चूल पेटते.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हिचं नाव आहे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. या नावाच्या पुढे कंसात रोमन लिपीतली दोन छोटी अक्षरं असतात, एस आणि डब्ल्यू. ही अक्षरं म्हणजे एका माणसाची सही आहे. त्या माणसाने हे झाड १७८८ मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय पद्धतीने जगासमोर मांडलं. तेही भारतातलं झाड बघून नाही, तर वेस्ट इंडिजमधलं. भारतात ही बाभूळ आली त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

तो माणूस म्हणजे स्वीडनचा ओलोफ स्वार्ट्झ.

पण वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव निघतं ते बाभळीमुळे नाही. ते निघतं ऑर्किडमुळे, म्हणजे आपण जिला आमरी म्हणतो त्या वनस्पतींमुळे. त्यातही नखावर मावतील एवढ्याशा फुलांच्या ऑर्किडमुळे. ही फुलं बघता बघता त्याने साक्षात लिनियसच्या हिशेबातली चूक शोधली. ज्या काळात आणि ज्या विद्यापीठात लिनियसचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द होता, तिथून शिकून आलेल्या पोराने हे केलं.

लिनियस गेले, हा आला

स्वार्ट्झचा जन्म २१ सप्टेंबर १७६० चा. गाव नॉरशॉपिंग, स्वीडनमधलं एक औद्योगिक शहर. शिकायला तो उप्सालाच्या विद्यापीठात गेला. विषय होते वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र. तेव्हा हे दोन विषय हातात हात घालूनच चालायचे. औषधं झाडपाल्याचीच असायची, त्यामुळे डॉक्टरला झाडं ओळखता येणं भागच होतं.

उप्साला म्हणजे कार्ल लिनियसचं गाव. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचं शास्त्रीय नाव द्यायची पद्धत रूढ करणारा हाच तो माणूस. सोप्या भाषेत सांगायचं तर पहिला शब्द आडनावासारखा, त्याला प्रजाती म्हणतात. दुसरा शब्द व्यक्तीच्या नावासारखा, ती जाती. आंबा म्हणजे मँगिफेरा इंडिका, हे नाव लिनियसचंच.

लिनियस जानेवारी १७७८ मध्ये वारले. त्यांच्या जागेवर त्यांचा मुलगा बसला, त्याचंही नाव कार्लच. स्वार्ट्झ शिकला तो या धाकट्या लिनियसच्या हाताखाली. म्हणजे थोरल्या लिनियसचा तो थेट शिष्य नव्हता, पण शाळा तीच, पुस्तकं तीच आणि दबदबाही तोच.

१७८० मध्ये, विशीत असताना, तो लॅपलँडला गेला. स्वीडनच्या अगदी उत्तरेचा हा बर्फाळ मुलूख. तरुण लिनियसही १७३२ मध्ये तिथेच फिरून आले होते. परतल्यावर स्वार्ट्झने १७८१ मध्ये प्रबंध सादर केला. विषय काय होता? शेवाळासारखी दिसणारी हरिता, म्हणजे मॉस. फूल नाही, फळ नाही, भिंगाशिवाय धड दिसतही नाही अशी वनस्पती.

मॉस ओळखायचं तर भिंग लावून पानाची कड, देठाची ठेवण, बीजाणूच्या कुपीचं तोंड असं सगळं तपासावं लागतं. एकदा डोळ्यांना ती सवय लागली की लहान वस्तू सहसा नजरेतून सुटत नाही. पुढे जंगलात त्याला हीच सवय कामाला आली.

झाडावर दिसलं ऑर्किड, टाका एकाच पोत्यात

आता लिनियसची चूक नेमकी काय होती ते बघू. त्याशिवाय स्वार्ट्झने काय केलं ते कळणार नाही.

युरोपातली ऑर्किडं जमिनीवर उगवतात. लिनियसला ती चांगली माहीत होती. पण उष्ण प्रदेशातली बहुतेक ऑर्किडं झाडांच्या फांद्यांवर वाढतात. ही बांडगुळं नव्हेत, हे आधी स्पष्ट करायला हवं. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं. ऑर्किड फांदीचा फक्त आधार घेतं. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, अन्न सालीवर साचलेल्या पाल्यापाचोळ्यातलं. बिऱ्हाड दुसऱ्याच्या घरात, पण चूल आपली वेगळी.

अशी ऑर्किडं लिनियसकडे पोचली ती मोजकीच. काही वाळलेल्या नमुन्यांच्या रूपात, काही दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चित्रांच्या रूपात. त्याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात सगळ्या ऑर्किडांसाठी मिळून फक्त ८ प्रजाती केल्या. त्यातल्या एकीचं नाव होतं एपिडेंड्रम. ग्रीकमध्ये याचा अर्थ झाडावरचं. फांदीवर वाढणारं ऑर्किड दिसलं की ते या एकाच पोत्यात जायचं.

त्या पोत्यात कोण कोण होतं? आइस्क्रीममधली व्हॅनिला होती, कारण तीही एक वेलीसारखी वाढणारी ऑर्किड आहे. सह्याद्रीत मे-जूनला गुलाबी-पांढऱ्या गजऱ्यासारखी लोंबणारी सीतेची वेणी होती. आसामात बिहूला केसांत माळतात ते कोपौ फूल म्हणजेच ही. आणि कोकण-गोव्यापासून केरळपर्यंत झाडांच्या ढोलीत वाढणारं, कोरफडीसारख्या जाड पानांचं एक ऑर्किडही होतं.

या शेवटच्या ऑर्किडची गोष्ट तर खास आहे. त्याचं चित्र 'हॉर्टस मलबारिकस' या १२ खंडांच्या ग्रंथात आलं होतं. हा ग्रंथ डचांचा कोचीमधला अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड याने करवून घेतला, १६७८ ते १६९३ या काळात. झाडांची माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित, आप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही. या तिघांनी १६७५ मध्ये दिलेलं कोंकणीतलं प्रमाणपत्र देवनागरी अक्षरांत त्या ग्रंथात छापलेलं आहे. लिनियसने ते चित्र बघून या ऑर्किडचं नाव ठेवलं आणि त्यालाही एपिडेंड्रमच्या पोत्यात टाकलं.

व्हॅनिला, सीतेची वेणी आणि हे कोरफडपानी ऑर्किड यांचं एकमेकांशी काय साम्य? फक्त आधाराला झाड लागतं, एवढंच. हे म्हणजे भाड्याने राहणाऱ्या सगळ्या लोकांचं आडनाव एकच लावण्यासारखं झालं.

वादळं, दुष्काळ आणि गुलामांचं बेट

१७८३ मध्ये स्वार्ट्झने जहाज पकडलं. वय होतं २२-२३. आधी उत्तर अमेरिका आणि मग वेस्ट इंडिज.

असा प्रवास म्हणजे जिवाशी खेळ होता आणि उप्सालात ते सगळ्यांना माहीत होतं. लिनियसने जगभर पाठवलेल्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण परत आलेच नव्हते. हॅसलक्विस्ट स्मिर्नाजवळ गेला, लॉफ्लिंग व्हेनेझुएलात, फोर्सकॉल येमेनमध्ये. कुणी क्षयाने, कुणी तापाने.

स्वार्ट्झ निघाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे उप्सालात धाकटा लिनियसही वारला. ज्याच्याकडे शिकला तो गुरू गेला, आणि शिष्य समुद्रापार.

स्वार्ट्झने सगळ्यात जास्त काम केलं ते जमैका आणि हिस्पानिओला या बेटांवर. हिस्पानिओला म्हणजे आजचे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश. जमैका तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता. तिथली सगळी अर्थव्यवस्था उसावर उभी होती आणि ऊस उभा होता आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर.

त्यात काळ वाईट होता. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झालेली. तिथून जहाजांनी येणाऱ्या धान्यावर इंग्रजांनी निर्बंध घातले. १७८४, १७८५ आणि १७८६ अशी लागोपाठ तीन वर्षं जमैकावर चक्रीवादळं आली. उभी पिकं आडवी झाली. उपासमार आणि त्यातून आलेल्या रोगराईने त्या काही वर्षांत सुमारे १५,००० गुलाम मेले, असा अंदाज जमैकाच्या विधिमंडळानेच नंतर मांडला. युरोपातल्या संग्रहालयांत दिसणारे त्या काळातले वनस्पतींचे सुंदर नमुने अशा बेटांवरून गेलेले आहेत, हे विसरून चालत नाही. वाटा, गोदामं, जहाजं, सगळं याच व्यवस्थेचं होतं.

जे कुणी बघत नव्हतं ते त्याने बघितलं

उसाचे मळे सखल भागात होते. डोंगर चढत गेलं की जंगल सुरू व्हायचं. जमैकाचे ब्लू माउंटन्स २,२०० मीटरच्या वर जातात. महाबळेश्वरच्या दीडपटीहून जास्त उंच. वरच्या भागात जवळजवळ कायम धुकं असतं. झाडांच्या साली ओल्या, त्यांवर मॉसची जाड गादी.

आणि त्या मॉसमध्ये दडलेली असतात लेपँथिस.

तेव्हा या वनस्पतीला हे नाव नव्हतं. असते तरी कशी ती? एक बारीक, उभा देठ, काही जातींत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. त्याला एकच पान. देठावर एकात एक खोचलेल्या कर्ण्यांसारखी आवरणं, कर्ण्याच्या तोंडाला बारीक लव. फूल काही मिलिमीटरचं, बऱ्याचदा पानालाच टेकून उमलणारं. लांबून पाहिलं तर पानावर एखादा किडा बसलाय असं वाटावं.

बहुतेक संग्राहकांचं लक्ष तेव्हा कुठे असायचं? लाकूड देणारी झाडं, औषधी झाडं, मसाले, रंग. नाहीतर बागेत लावून मिरवता येतील अशी मोठी फुलं. मॉसच्या गादीत हात घालून मुगाच्या दाण्याएवढी फुलं कोण शोधणार? पण ज्याने आधी मॉसवरच प्रबंध लिहिलाय, त्याची नजर मॉसकडे जाणारच.

या प्रवासात त्याने सुमारे ६,००० नमुने गोळा केले. दमट हवेत कागदात झाडं वाळवणं म्हणजे मोठी डोकेदुखी. एक पावसाळी आठवडा गेला की बुरशी, त्यावर मुंग्या आणि कसर. तरीही हा संग्रह टिकला आणि आज तो स्टॉकहोमच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे.

लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीची ऑफर

१७८६ मध्ये तो लंडनला आला. हे शहर तेव्हा वनस्पतिशास्त्राचं केंद्र बनलं होतं आणि त्या केंद्राच्या मध्यभागी होता जोसेफ बँक्स. कॅप्टन कुकबरोबर जग फिरून आलेला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष. सोहो स्क्वेअरमधल्या त्याच्या घरातला वनस्पतींचा संग्रह आणि ग्रंथालय अभ्यासकांसाठी खुलं असायचं. जमैकातून शंभर वर्षांपूर्वी हॅन्स स्लोनने आणलेले नमुने ब्रिटिश म्युझियममध्ये होते.

आणि लंडनमध्ये आणखी एक गोष्ट येऊन पडली होती, खुद्द लिनियसचा संग्रह. धाकटा लिनियस वारल्यावर घरच्यांनी तो विकायला काढला. जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या तरुण इंग्रजाने सुमारे १,००० गिनींना तो विकत घेतला आणि १७८४ मध्ये तो लंडनला पोचला. स्वीडनचा ठेवा स्वीडनबाहेर गेला तो कायमचाच.

बँक्सला हा तरुण आवडला. त्याने ईस्ट इंडिया कंपनीत फिरत्या डॉक्टरच्या नोकरीचा प्रस्ताव ठेवला. त्या काळात ही मोठी संधी होती. पगार, प्रवास आणि आशियातली न पाहिलेली झाडं. स्वार्ट्झने नकार दिला आणि १७८७ मध्ये तो स्वीडनला परतला.

पुढच्याच वर्षी त्याचं वेस्ट इंडिजच्या नव्या वनस्पतींचं पहिलं पुस्तक आलं. शेकडो वनस्पतींची थोडक्यात वर्णनं. वेडी बाभूळ इथेच पहिल्यांदा अवतरली, मिमोसा ज्युलिफ्लोरा या नावाने. म्हणजे तेव्हा ती लाजाळूच्या प्रजातीत होती. पुढे ती प्रोसोपिसमध्ये गेली आणि अलीकडे शास्त्रज्ञांनी तिला नेल्टुमा नावाच्या प्रजातीत हलवलंय. पण नियम असा आहे की आडनाव कितीही वेळा बदललं, तरी ज्याने पहिल्यांदा नाव दिलं त्याची सही कंसात कायम राहते. म्हणून ती दोन अक्षरं अजून तिथे आहेत.

याच पुस्तकात जमैकाची ती इवलीशी ऑर्किडंही होती. पण गंमत बघा, एकीचं नाव त्याने ठेवलं एपिडेंड्रम पुल्चेलम. म्हणजे सुंदर, छोटंसं एपिडेंड्रम. डोळ्यांनी वेगळेपण दिसलेलं असूनही त्याने तिला लिनियसच्याच पोत्यात टाकलं. पोतं फोडायला त्याला आणखी ११ वर्षं लागली.

दोन पुंकेसर की एक?

१७९१ मध्ये स्वार्ट्झला स्टॉकहोमला प्राध्यापकाची जागा मिळाली. पीटर योनास बर्गियस या डॉक्टर-वनस्पतिशास्त्रज्ञाने आपली बाग आणि संपत्ती स्वीडनच्या विज्ञान अकादमीला दिली होती. ती बाग सांभाळायची आणि शिकवायचं, असं हे काम. ही बाग आजही स्टॉकहोममध्ये आहे, फक्त नंतर तिची जागा बदलली.

आता त्याच्याकडे स्थिर नोकरी होती, हजारो नमुने होते आणि वेळ होता. त्याने ऑर्किडची फुलं एकेक करून उघडायला घेतली.

लिनियसची सगळी वर्गवारी उभी होती फुलातल्या पुंकेसरांच्या मोजणीवर. एक पुंकेसर असेल तर एक वर्ग, दोन असतील तर दुसरा. लिनियसने ऑर्किडांना टाकलं होतं दोन पुंकेसरवाल्यांत. ऑर्किडच्या फुलात परागकण सुटे नसतात, त्यांचे घट्ट गोळे असतात. बऱ्याच युरोपीय ऑर्किडांत असे दोन गोळे दिसतात. दोन गोळे म्हणजे दोन पुंकेसर, असा सरळ हिशेब झाला.

स्वार्ट्झच्या लक्षात आलं की हे दोन गोळे एकाच परागकोशाच्या दोन कप्प्यांतले आहेत. शेंगेत दोन दाणे असले म्हणून दोन शेंगा होत नाहीत, तसंच. म्हणजे बहुतेक ऑर्किडांना पुंकेसर एकच. खरोखर दोन पुंकेसर असतात ते सिप्रिपेडियम गटात, ज्याचं फूल चपलेच्या पुढच्या भागासारखं फुगीर दिसतं.

ही गोष्ट वाटते बारीकशी. पण ज्या मोजणीवर लिनियसची पूर्ण पद्धत उभी होती, तीच मोजणी एका अख्ख्या कुलाबाबत चुकली होती. आणि ते दाखवणारा लिनियसच्या विरोधकांपैकी कुणी नव्हता. तो लिनियसच्याच पठडीतला, लिनियसच्याच देशातला, लिनियसचीच पद्धत वापरणारा होता. त्याने गुरूची पद्धत टाकून दिली नाही. तीच पद्धत गुरूपेक्षा जास्त काळजीपूर्वक वापरली.

एकपुंकेसरी आणि द्विपुंकेसरी हा फरक आजही ऑर्किड शिकताना पहिल्या धड्यात येतो.

पोतं फुटलं

१७९९ मध्ये स्वार्ट्झने एपिडेंड्रमची फोड करणारा लेख उप्सालाच्या विज्ञान संस्थेच्या ग्रंथमालेत छापला. फांदीवर राहतं म्हणून एक, हा हिशेब त्याने बाजूला ठेवला. फुलाची रचना काय, ओठासारखी पाकळी कशी जोडलेली आहे, परागपुंज कसे आहेत, हे बघून त्याने गट पाडले.

त्यातून निघालं डेंड्रोबियम, म्हणजे झाडावर जगणारं. आज या प्रजातीत दीड हजारांवर जाती मोजतात. लग्नाच्या स्टेजवर आणि बुकेत जी जांभळी-पांढरी ऑर्किडं सर्रास दिसतात, ती बहुतेक डेंड्रोबियमची संकरित वाणं. सह्याद्रीत हिवाळ्याच्या शेवटी पानं गळालेल्या काड्यांवर पांढरी नाजूक फुलं येतात, तेही एक डेंड्रोबियमच.

त्यातूनच निघालं सिंबिडियम. कोंकणी वैद्यांच्या मदतीने बनलेल्या ग्रंथातलं ते कोरफडपानी ऑर्किड या नव्या घरात आलं. त्याचं आजचं नाव सिंबिडियम अ‍ॅलोइफोलियम, आणि त्यापुढे लिनियसची खूण कंसात, स्वार्ट्झची कंसाबाहेर. नाव दिलं लिनियसने, योग्य घर दिलं स्वार्ट्झने.

आणि निघालं लेपँथिस. ग्रीकमध्ये अर्थ खवल्यासारखं फूल. जमैकाची ती एपिडेंड्रम पुल्चेलम आता झाली लेपँथिस पुल्चेला. मॉसमध्ये दडलेल्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या झाडांना स्वतःचं घराणं मिळालं. अशाच लहान ऑर्किडांच्या आणखी एका प्रजातीला त्याने नाव दिलं स्टेलिस. हा शब्द ग्रीकमधला बांडगुळाचा. ऑर्किडला बांडगूळ समजायची सवय जगभर होती, त्याची ही खूण.

लगेच १८०० मध्ये त्याने स्वीडिश अकादमीच्या अंकात संपूर्ण ऑर्किड कुलाची नवी मांडणी दिली. लिनियसच्या ८ प्रजातींच्या जागी आता २५ होत्या. ऑर्किड या एकाच कुलाचा असा सांगोपांग अभ्यास करणारा पहिला तज्ज्ञ म्हणून स्वार्ट्झचं नाव घेतलं जातं ते यामुळे.

त्या छोट्या फुलाचं गुपित

लेपँथिसच्या फुलाची रचना विचित्र आहे. बाजूच्या दोन पाकळ्या उंचीपेक्षा रुंदीला जास्त. ओठासारखी तिसरी पाकळी इवलीशी, फुलाच्या मधल्या खांबाला दोन बाजूंनी पंखांसारखी बिलगलेली. मध्ये एक केसाळ टोक. हे सगळं कशासाठी, याचं उत्तर मिळायला दोनशेहून जास्त वर्षं जावी लागली.

कोस्टा रिकामध्ये लेपँथिसच्या एका जातीवर संशोधकांनी पाळत ठेवली आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. या फुलावर बुरशीत वाढणारी चिलटं येतात, आणि येतात ती फक्त नर चिलटं. फुलात मध नाही. चिलटाला ते फूल मादी वाटतं. ते मीलनाचा प्रयत्न करतं, त्या धडपडीत परागांचे गोळे त्याच्या पोटाला चिकटतात आणि पुढच्या फुलावर तीच फसगत झाली की परागीभवन होतं.

म्हणजे खवल्याएवढ्या त्या फुलाचा एकेक मिलिमीटर चिलटाच्या मापाने घडलेला आहे. स्वार्ट्झला हे माहीत असणं शक्य नव्हतं. पण ज्या बारकाव्यांवरून त्याने ही प्रजाती वेगळी काढली, ते बारकावे वरवरचे नव्हते, हे यातून कळतं.

शेवटची वर्षं

ऑर्किडवरच तो थांबला नाही. वेस्ट इंडिजच्या वनस्पतींवरचा त्याचा तीन खंडांचा ग्रंथ १७९७ ते १८०६ या काळात आला. १८०६ मध्येच त्याने नेच्यांवर मोठं पुस्तक लिहिलं. नेचे, मॉस, दगडफूल... ज्यांना फुलंच नाहीत अशा वनस्पतींकडे तो पुन्हा पुन्हा वळत राहिला.

लंडनमध्ये बँक्सने जगभर माणसं कशी पाठवली ते त्याने बघितलं होतं. त्यावरून त्याने स्वीडनच्या अकादमीपुढे कल्पना मांडली की निसर्ग अभ्यासकांना प्रवासासाठी कायमस्वरूपी अनुदान असावं. १८११ मध्ये तो त्याच अकादमीचा सचिव झाला.

सप्टेंबर १८१८ मध्ये, ५८ वा वाढदिवस काही दिवसांवर असताना, स्टॉकहोममध्ये त्याचं निधन झालं. श्रेबर या जर्मन शास्त्रज्ञाने शेंगाधारी झाडांच्या एका प्रजातीला त्याच्या नावावरून स्वार्ट्झिया म्हटलं, ते आजही चालू आहे.

त्याचंही चुकलंच की

आता प्रश्न पडेल, स्वार्ट्झचं सगळं बरोबर होतं का? अजिबात नाही. त्याचं सिंबिडियम आणि डेंड्रोबियम ही पुढे नवी पोती बनली. जगभरातून येणारी अनोळखी ऑर्किडं लोक त्यांतच टाकत गेले. मग इंग्लंडच्या जॉन लिंडली यांनी १८३० ते १८४० या काळात ऑर्किडांवर मोठा ग्रंथ लिहून पुन्हा निवडानिवड केली. लिंडलींनंतर आणखी कुणी केली. आज डीएनए तपासून ती चालूच आहे. ऑर्किडांच्या ओळखलेल्या जाती आता सुमारे २८,००० आहेत.

लेपँथिसचं घराणं मात्र वाढतच गेलं. जमैकाच्या काही जातींपासून सुरू झालेल्या या प्रजातीत आज १,१०० हून जास्त जाती आहेत. मेक्सिकोपासून कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतापर्यंत त्या पसरल्यात. कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये तर दरवर्षी नव्या सापडतात. कार्लाइल लुअर नावाच्या अमेरिकन सर्जनने वैद्यकी सोडून उरलेलं आयुष्य अशाच ऑर्किडांना दिलं आणि एकट्याने शेकडो जातींची वर्णनं केली.

यातल्या कित्येक जाती एखाद्याच डोंगरावर वाढतात. पोर्टो रिकोच्या एल युंके जंगलातली लेपँथिस एल्टोरोएन्सिस त्यांपैकीच एक. अमेरिकेने १९९१ मध्ये तिला धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत घातलं. जंगलाला संरक्षण मिळालं, मोजणी होत राहिली, नवी झाडं सापडत गेली आणि २०२१ मध्ये तिला त्या यादीतून बाहेर काढता आलं. पण हे तिला जमलं कारण तिचं नाव होतं, नोंद होती. नाव नसलेल्या झाडाला कुठल्याच यादीत जागा मिळत नाही. कायदा त्याचं रक्षण करू शकत नाही आणि ते संपलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

आज त्या धुक्याच्या जंगलांची खरी अडचण हीच आहे. हवा तापतेय तसे ढग डोंगरावर आणखी वर सरकतायत आणि माथ्यावरच्या झाडांना वर सरकायला जागा उरलेली नाही. तिथे मॉसच्या गादीत अजून किती निनावी लेपँथिस असतील, ते मोजायला पुन्हा भिंग घेऊन गुडघ्यांवर बसणारी माणसंच लागणार आहेत.